बाईंच्या गळ्यातली शिट्टी

मित्रांनो, आकाराने मी अंगठ्याएवढी आहे आणि वयाने कदाचित तुमच्या आईएवढी असेन. मी पितळेची, वरून पांढरा मुलामा दिलेली एक जुनी शिट्टी आहे. तोंडाजवळचा मुलामा केव्हाच उडाला, कारण तिथे चोवीस वर्षं एकाच बाईंचे दात लागले. माझ्या पोटात वाटाण्याएवढी बुचाची गोळी आहे. फुंकर आली की ती गरगर फिरते आणि माझा आवाज थरथरतो. लोकांना वाटतं, मी चिडले. मला राग येत नाही. राग फुंकणाऱ्याचा असतो, मी तो फक्त लांबवर पोहोचवते.

माझा जन्म पत्र्याचं छप्पर असलेल्या एका लांबलचक कारखान्यात झाला. शेवटच्या टेबलावर एक म्हातारी कामगार बसायची. ती प्रत्येक शिट्टी हवेच्या नळीला लावून वाजवायची. आवाज फाटका निघाला तर शिट्टी पायाजवळच्या डब्यात जायची. माझ्या आधीच्या तिघी त्या डब्यात गेल्या. माझा आवाज ऐकून ती दचकली आणि शेजारणीला म्हणाली, ही ज्या घरात जाईल तिथे कुणाला दुपारची झोप नाही. ती माझी पहिली शाबासकी.

पुढे मी खेळाच्या सामानाच्या दुकानात काचेखाली पडून होते. एक दिवस सव्वीस वर्षांच्या एक ठेंगण्या बाई आल्या. दुकानदाराने विचारलं, कितवीतल्या मुलाला हवी आहे? बाईंनी मला उचललं आणि तिथेच फुंकलं. समोरच्या रस्त्यावरचा सायकलवाला ब्रेक लावून थांबला. "ही द्या," बाई म्हणाल्या. त्याच दिवशी त्यांना मुलींच्या कॉलेजात बास्केटबॉल शिकवायची नोकरी लागली होती.

ते कॉलेज तुम्ही पाहायला हवं होतं. इमारतीच्या मागे सिमेंटचं एक कोर्ट होतं. एक रिंग सरळ, दुसरी मान मोडल्यासारखी. अर्ध्या कोर्टावर प्राध्यापकांच्या गाड्या उभ्या असायच्या. शेजारी मुलांचं कॉलेज होतं, त्यांना लाकडी जमिनीचा बंदिस्त हॉल होता. आमचे प्राचार्य म्हणायचे, मुलींना थोडी मोकळी हवा मिळाली म्हणजे झालं, आपल्याला काय चषकांची दुकानं मांडायची आहेत? पहिल्या वर्षी पाच मुली आल्या. ऊन लागतं म्हणून दोघी आठवड्यात गेल्या.

बाईंना खेळ येत होता. नुसता येत नव्हता, नखात मुरला होता. पण उंची नव्हती, म्हणून कुठल्याच मोठ्या संघाने त्यांना घेतलं नव्हतं. जे स्वतःला मिळालं नाही ते या मुलींकडून काढून घ्यायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं असावं. मी गळ्यात होते, त्यामुळे त्यांच्या छातीचे ठोके मला ऐकू यायचे. मुली चांगल्या खेळल्या की ते ठोके हळू व्हायचे. असं फार क्वचित व्हायचं.

आता मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती माझ्याही पापात जमा आहे.

बाईंची एक शिक्षा होती. एखादीने पास सोडला, की मी वाजायचे. बाकीच्या सगळ्यांनी कोर्टाच्या या रेघेपासून त्या रेघेपर्यंत पळायचं. वीस वेळा, कधी तीस वेळा. जिने चूक केली तिने मात्र पळायचं नाही. तिने मधल्या गोलात उभं राहायचं आणि बघायचं. तिच्यामुळे बाकीच्यांना धाप लागतेय, एखादी कोपऱ्यात जाऊन ओकतेय, हे बघत राहायचं. मान खाली घालायला बंदी होती. तुम्हाला वाटेल, उभं राहणारी सुटली. मित्रांनो, उभं राहणारी कधीच सुटायची नाही. नंतर कपडे बदलायच्या खोलीत तिच्याशी कुणी बोलायचं नाही. कधी तिचे बूट नळाखाली सापडायचे. बाईंना हे सगळं ठाऊक होतं. एका प्राध्यापिकेने त्यांना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, की मी ओरडले तर त्या मला घाबरतील, आणि एकमेकींना घाबरल्या तर सामना जिंकतील.

आणि त्या जिंकायला लागल्या. तिसऱ्या वर्षी जिल्ह्यात, सहाव्या वर्षी विद्यापीठात दुसऱ्या. गाड्या कोर्टावरून हटल्या. वाकडी रिंग सरळ झाली. फक्त बाईंची नोकरी सरळ होईना. दर उन्हाळ्यात त्यांना पत्र यायचं, की आपली सेवा संपली. सुट्टीनंतर दुसरं पत्र यायचं, की आपली तात्पुरती नेमणूक होत आहे. वर्षातून एकदा बाईंना मरण यायचं आणि एकदा जन्म. अशी अकरा वर्षं गेली.

नवव्या वर्षी त्यांना ती मुलगी सापडली.

ग्रंथालयात एक मुलगी सगळ्यात वरच्या फळीवरचं पुस्तक स्टूल न घेता काढत होती. बाई दारात थबकल्या. माझ्या कानाशी त्यांचं काळीज धाडधाड वाजायला लागलं. मुलीचे वडील मालाचा ट्रक चालवायचे, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. घरी आई आणि तीन धाकट्या बहिणी. मुलीने आयुष्यात चेंडू हातात धरला नव्हता. उंचीची लाज वाटायची म्हणून ती पोक काढून चालायची. संघातल्या मुलींनी पहिल्याच दिवशी तिचं नाव ठेवलं, शिडी.

शिडीच्या मापाचे बायकांचे बूट कुठल्याच दुकानात मिळेनात. बाई शेजारच्या मुलांच्या कॉलेजात गेल्या, तिथल्या शिक्षकांची बोलणी ऐकून घेतली आणि एक जुना जोड घेऊन आल्या. सिमेंटवर खडूने पावलं काढून त्यांनी तिला वळायला शिकवलं. डावं इथे, उजवं तिथे, आता उडी. सहा महिने रोज सकाळी, कुणी यायच्या आधी. त्या सकाळी मी वाजत नसे. बाई तोंडाने सांगायच्या, तेही हळू. एकदा त्यांनी शिडीच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "ताठ राहा गं. तुझ्या जागी मी असते ना, तर आभाळाला टक्कर दिली असती." शिडी त्या दिवसापासून ताठ चालायला लागली. घरी आईने विचारलं म्हणे, ही बाई तुला खायला काय घालते?

दुसरीकडे मधल्या गोलातही ती पुष्कळदा उभी राहिली. तिला वाटायचं, बाई करतात ते माझ्या भल्याचंच. ज्या हाताने खडूची पावलं काढली तो हात आपलं वाईट करणार नाही, असं तिच्या मनात पक्कं बसलं होतं. इतका विश्वास कुणी कुणावर ठेवू नये, असं मी म्हणणार नाही. पण ज्याच्यावर ठेवला जातो त्याला तो पेलता आला पाहिजे.

शिडीचं तिसरं वर्ष हे बाईंचं अकरावं. संघ विद्यापीठाच्या अंतिम सामन्यात पोहोचला. प्राचार्यांनी बाईंना बोलावलं. चषक आला तर तुम्हाला कायम करून घेतो, ते म्हणाले, मागे छप्परसुद्धा घालू. नाही आला तर खेळाचा विभाग ठेवायचा की नाही याचा विचार करावा लागेल, प्राध्यापक मंडळींना गाड्या लावायला जागा पुरत नाही. हे सगळं ते हसत हसत बोलले. त्याच आठवड्यात वीज कंपनीचं पत्रही आलं. कंपनीचा स्वतःचा महिला संघ होता. शिडीची निवड झाली होती. परीक्षेनंतर शारीरिक तपासणी, ती पार पडली की कायमची नोकरी. तिच्या घरी चार दिवस कुणाला भूक लागली नाही म्हणे, आनंदाने.

सामन्याला बारा दिवस राहिले असताना सरावात शिडी वाकडी पडली. गुडघा सुजला. बाई तिला रिक्षात घालून हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. वडील ट्रकवर, आई लहानग्यांना सोडून निघू शकत नव्हती. डॉक्टरांनी गुडघा हाताने दाबून, पुढे ओढून पाहिला. मग नर्सला सांगून शिडीला बाजूच्या खोलीत पट्टी बांधायला पाठवलं आणि बाईंना समोर बसवलं.

मित्रांनो, त्या खोलीत तेव्हा दोनच माणसं होती. आणि तिसरी मी.

डॉक्टर म्हणाले, "गुडघ्याच्या आतला दोर, म्हणजे लिगामेंट, अर्धा फाटलाय. सहा आठवडे या पायावर उडी नाही, पळणं नाही. पूर्ण तुटला तर शस्त्रक्रिया करावी लागेल, आणि त्यानंतरही पाय पूर्वीसारखा होईल असं मी लिहून देणार नाही."

"घट्ट पट्टी बांधून एक सामना?" बाईंनी विचारलं.

"माझी मुलगी असती तर नाही म्हटलं असतं. घरच्यांना सांगा नीट."

"सांगते," बाई म्हणाल्या.

दवाखान्याच्या बाहेर लाकडी बाक होता. शिडी त्यावर पाय पसरून बसली होती. तिने काही विचारायच्या आधीच तिचा चेहरा विचारत होता. बाईंनी मला मुठीत धरलं. त्यांचा तळहात ओला झाला होता. "मुरगळलाय," त्या म्हणाल्या. "काही झालेलं नाहीये. शेक दे, पट्टी बांध." शिडीने सुटकेचा श्वास सोडला आणि हसली. मी किती घाबरले होते, ती म्हणाली, मला वाटलं आता नोकरी गेलीच.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. पण मला स्वतःचा श्वास नाही.

पुढचे बारा दिवस बाईंनी शिडीला पळवलं नाही. फक्त रिंगखाली उभं करून चेंडू टाकायला लावले. बाकीच्या मुलींना वाटलं, लाडकी आहे. बाई जेवेनात. त्यांची आई तेव्हा त्यांच्याकडे राहायची. तिने विचारलं, तुझं लक्ष कुठे आहे? बाई म्हणाल्या, सामना आहे. एकदा त्या घरातल्या आरशापुढे उभं राहून पुटपुटल्या, "शिडी, जरा ऐक." आणि तिथेच थांबल्या. मी वाट पाहत होते. पुढचं वाक्य आलं नाही.

सामन्यात मला वाजायला मनाई असते. तिथे फक्त पंचांच्या शिट्ट्या वाजतात. मी बाईंच्या शर्टाच्या आत, त्यांच्या छातीला चिकटून होते. ऐकत होते. तीन भाग संपले तेव्हा आपल्या मुली चार गुणांनी पुढे होत्या आणि संघाचे निम्मे गुण शिडीचे होते. शेवटच्या भागात, चार मिनिटं राहिली असताना, रिंगवर आदळून परतलेला चेंडू घेऊन ती खाली आली आणि तशीच बसली. शेजारी उभ्या असलेल्या मुलीने नंतर सांगितलं, की जाड कापड फाटावं तसा आवाज आला होता.

बाईंनी टाइम-आउट मागितला. शिडी दोघींच्या खांद्यावर हात टाकून बाकापर्यंत आली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"बाई, गुडघा आतून सुटतोय. मला बाहेर घ्या."

बाई तिच्यापुढे गुडघ्यांवर बसल्या. स्वतःच्या हातांनी पट्टी सोडली आणि पहिल्यापेक्षा घट्ट बांधली. इतकी घट्ट, की शिडीने दातांत टॉवेल धरला.

"चार मिनिटं. पळू नकोस. नुसती रिंगखाली उभी राहा. तू उभी दिसलीस की त्या आत यायला घाबरतील."

"फार दुखतंय."

"दुखणारच. काही झालेलं नाहीये तुला."

शिडीने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग मान डोलावली आणि उठली. ती चार मिनिटं ती एका पायावर, हात वर करून, झाडासारखी उभी राहिली. समोरच्या मुली खरंच आत आल्या नाहीत. लांबून फेकत राहिल्या आणि चुकत राहिल्या. आपण दोन गुणांनी जिंकलो. मुलींनी शिडीला उचलून घेतलं. फोटोवाल्याने फोटो काढला. खाली ठेवलं तेव्हा ती उभी राहू शकली नाही. मुली हसल्या, त्यांना वाटलं, ती आनंदाने कोसळली.

शिडीच्या दोन शस्त्रक्रिया झाल्या. पाय वाचला, पण पूर्ण वाकेना. वीज कंपनीच्या डॉक्टरांनी तिला दहा पावलं चालायला लावलं आणि कागदावर एक शब्द लिहिला, अपात्र. वडील तिला घ्यायला ट्रक घेऊनच आले होते. तिला उचलून वर बसवलं आणि बराच वेळ गाडी सुरूच केली नाही.

पण मित्रांनो, मला खरं लागलं ते दुसरंच. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर बाई तिला भेटायला गेल्या. त्यांच्या हातात कायम नेमणुकीचं पत्र आलं होतं, त्याला दोन दिवस झाले होते. शिडी उशीला टेकून बसली होती. तिने बाईंचा हात धरला. म्हणाली, "बाई, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. माझंच नशीब. तुम्ही नसता तर मी अजून पोक काढून चालत असते." तिथेही सांगता आलं असतं. त्यांनी तिची चादर नीट केली आणि निघाल्या.

पुढची दहा वर्षं माझ्या वैभवाची. कोर्टावर छप्पर आलं, लाकडी जमीन आली. बाईंचे पाच चषक झाले. वर्तमानपत्राने त्यांना लोखंडी बाई म्हटलं. समारंभात त्यांच्या हाराबरोबर माझीही स्तुती व्हायची. एक पाहुणे तर म्हणाले, या छोट्याशा शिट्टीने किती मुली घडवल्या. आणि मुली पळतच होत्या, रेघेपासून रेघेपर्यंत, आणि मधल्या गोलात कुणीतरी उभी होतीच.

बाईंनी ओळखीने शिडीला पोहण्याच्या सार्वजनिक तलावावर तिकिटाच्या खिडकीत काम मिळवून दिलं. बसून करायचं काम. सगळे म्हणाले, बाईंचं काळीज केवढं मोठं. शिडीचे आईवडील तर आभार मानून थकले. आभार ऐकताना बाईंचे ठोके कसे व्हायचे ते फक्त मला माहीत आहे. पण माणसाला कशाचीही सवय होते. सहा-सात वर्षांनी तेही ठोके संथ पडायला लागले.

शिडीची सगळ्यात धाकटी बहीण अठरा वर्षांची झाली आणि शिडीने तिला हाताला धरून बाईंकडे आणलं. धाकटी तिच्याएवढी उंच नव्हती, पण पळायची अशी, की डोळ्यांना दिसायच्या आत पलीकडे. "जे माझं राहिलं ते हिचं होऊ दे," शिडी म्हणाली. बाईंनी धाकटीला घेतलं. नाही म्हणायला त्यांच्याकडे कारण नव्हतं.

त्याच हिवाळ्यात शिडीचा गुडघा झिजून फार दुखायला लागला. ती त्याच हाडांच्या डॉक्टरांकडे गेली. ते आता म्हातारे झाले होते. त्यांनी जुनं टिपण काढलं आणि साधेपणाने म्हणाले, पोरी, मी तुमच्या बाईंना तेव्हाच सांगितलं होतं, सहा आठवडे उडी नको म्हणून. ऐकलं का नाहीत?

दुसऱ्या दिवशी दुपारी सराव चालू असताना शिडी हॉलमध्ये आली. दारापुढच्या पायऱ्या एकेक करत चढाव्या लागल्या असणार, कारण ती दारात बराच वेळ कठड्याला धरून उभी होती. बारा मुली तिच्याकडे बघायला लागल्या. ती थेट बाईंसमोर आली. डॉक्टर काय म्हणाले ते तिने सांगितलं. आवाज चढवला नाही.

"त्यांचं काही चुकतंय का, बाई?"

बाईंना म्हणता आलं असतं, डॉक्टर म्हातारे झालेत. मला वाटतं, ते वाक्य त्यांच्या ओठांपर्यंत आलंही होतं. पण त्या म्हणाल्या, "नाही. त्यांनी सांगितलं होतं." आणि मग, इतकी वर्षं मनात घोळवलेलं एक वाक्य त्यांनी पुढे केलं. "तुला सांगितलं असतं तर तू थांबली असतीस का?"

शिडीने खरंच विचार केला. ती तशीच आहे, विचारलं की विचार करून सांगणारी.

"बहुतेक नसते थांबले," ती म्हणाली. "खेळलेच असते. पण मग तो गुडघा मी मोडला असता. आता तो तुम्ही मोडलाय."

शिडी धाकटीकडे वळली. धाकटी आपली पिशवी उचलून बहिणीबरोबर घरी निघण्याच्या तयारीतच होती. शिडीने तिला थांबवलं.

"तू कुठे निघालीस? तू खेळ. यांच्याइतकं शिकवणारं दुसरं कुणी नाही, ते सगळं शिकून घे. फक्त दुखण्याबद्दल या काही बोलल्या तर ते खरं धरायचं नाही. मला येऊन विचारायचं."

आणि ती गेली. मित्रांनो, तिने शिव्या दिल्या असत्या तर बाईंना सोपं गेलं असतं.

धाकटी तीन वर्षं खेळली. बाईंचा प्रत्येक शब्द तिने ऐकला, एक सोडून. कुणी पडलं आणि बाई म्हणाल्या, ऊठ, काही झालेलं नाही, की धाकटी अगदी नम्रपणे पुढे व्हायची, पडलेलीला उठवून बाकावर बसवायची आणि म्हणायची, डॉक्टरांना विचारून येतो, बाई. हळूहळू सगळ्याच मुली तसं करायला लागल्या. बाईंचं बोलणं ऐकायचं आणि दुसरीकडे जाऊन पडताळायचं. चोख शिकवणाऱ्या माणसाचा शब्द खोट्या नाण्यासारखा परत येत होता.

एका दुपारी एका नवख्या मुलीने सोपा पास सोडला. बाईंनी मला फुंकलं आणि तिला मधल्या गोलात जायला सांगितलं. ती रडवेली होऊन गेली. मग धाकटी तिच्यामागे गेली आणि शेजारी उभी राहिली. मग आणखी एक. बघता बघता बाराही जणी गोलात दाटीवाटीने उभ्या राहिल्या. पळायला कुणी उरलंच नाही. बाईंनी मला पुन्हा फुंकलं. पुन्हा. माझ्यातली गोळी थुंकीने भिजून फिरेनाशी झाली, तरी त्या फुंकतच राहिल्या, आणि माझ्यातून नुसती हवा निघत होती. मुली हसल्या नाहीत. नुसत्या बघत राहिल्या, मान वर करून, जशी शिस्त त्यांना लावली होती तशी.

नंतर मुलींची तक्रार गेली. नवे प्राचार्य आले होते, त्यांना चषकांपेक्षा तक्रारींची भीती जास्त. चौकशी झाली. बाईंना संघावरून काढून परीक्षेच्या कागदांच्या कोठीत बसवलं. वर्षभर त्यांनी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधले. मी गळ्यातच होते. का, ते मला माहीत नाही. पन्नासाव्या वर्षी त्यांनी स्वतःहून नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी चोवीस वर्षांतल्या शंभरावर मुलींपैकी एकच आली, धाकटी. वीज कंपनीने तिला निवडलं होतं आणि जुन्या प्रशिक्षकांची सही लागत होती. बाईंनी सही केली. धाकटी म्हणाली, "शिकवलंत, त्याबद्दल आभारी आहे, बाई." कागदाची नीट घडी घातली आणि गेली.

आठवडाभराने बाई तलावावर गेल्या. दुपारची वेळ होती, गर्दी नव्हती. शिडी खिडकीत उंच स्टुलावर बसली होती. तिने विचारलं, किती तिकिटं? बाईंना ते अपेक्षित नसावं. त्या काचेला तोंड लावून म्हणाल्या, "माझं चुकलं. मला माफ कर."

"ऐकलं मी," शिडी म्हणाली. "पण नाही करणार."

एवढं बोलून ती खिडकीची वेळ संपली म्हणून उतरायला लागली. स्टूल उंच. आधी चांगला पाय, मग टेबलाला धरून दुसरा. बाई धावत दाराने आत गेल्या आणि हात पुढे केला. शिडीने तो हात पाहिला. धरला नाही. सावकाश, तिच्या नेहमीच्या वेळेत उतरली, आणि ते पूर्ण होईपर्यंत बाईंना तिथेच, हात पुढे करून उभं राहावं लागलं. मग बाईंनी मला गळ्यातून काढलं आणि टेबलावर ठेवलं. ही तुझ्याकडे असू दे, म्हणाल्या. मला नको, शिडी म्हणाली. बाई मला न उचलताच गेल्या. शिडीने मला दोन बोटांनी धरलं आणि हरवलेल्या वस्तूंच्या खोक्यात टाकलं.

तेव्हापासून मी इथे आहे, तुमच्या विसरलेल्या टोप्या, चष्मे आणि एकेकट्या चपला यांच्यात. बाई दर गुरुवारी येतात. एक तिकीट घेतात. पाण्यात उतरत नाहीत, कडेच्या बाकावर तासभर बसतात. शिडी तिकीट फाडून देते, इतरांना देते तसंच. त्या दोघींत याहून एक शब्द जास्त होत नाही, आणि होईल असं मला वाटतही नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी खोक्यात टोपी शोधताना मला उचलता आणि तोंडाला लावता. जरूर वाजवा. मला घासूनपुसून चकचकीत करायची गरज नाही. माझी विनंती वेगळीच आहे. उद्या तुम्ही मोठे व्हाल. कुणी संघाचे कप्तान व्हाल, कुणी शिक्षक, कुणी डॉक्टर, कुणी आईबाप. कुणाच्या तरी अंगातलं दुखणं त्याच्याआधी तुम्हाला कळेल. तेव्हा दाराबाहेरच्या बाकावर तो वाट बघत बसलेला असेल. त्याला खरं सांगा. खेळायचं की नाही, ते तो ठरवेल.